भोपळा, कोकम आणि चक्का : भुताटकीच्या मेजवानीसाठी थरांचे पुडिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पुडिंग म्हणजे नेमके काय?

काचेच्या खोल भांड्यात केक, कस्टर्ड, जेली आणि क्रीम यांचे थर एकावर एक लावून केलेला ‘ट्रायफल’ हा मूळचा इंग्लंडकडचा पदार्थ आहे. येथे दिलेला प्रकार त्याच्याच घाटाचा असला, तरी सामान बहुतेक आपल्या मंडईतले आहे. तळाशी कोकमाची लालभडक जेली, तिच्यावर चॉकलेट केकचा काळपट चुरा, मग लाल भोपळा आणि गूळ घातलेले नारिंगी कस्टर्ड, पुन्हा चुऱ्याचा एक पातळ थर आणि सर्वांत वर चक्क्याचे पांढरे क्रीम, असा हा क्रम आहे. भांडे बाजूने पाहिले की खालून वर रक्त, माती, भोपळा, माती आणि धुके अशी रास दिसते. भीती दाखवायची ती एवढीच, काचेतून. चमचा तोंडात गेल्यावर मात्र घारग्यांची आणि श्रीखंडाची आठवण व्हावी, अशा बेताने मी हे प्रमाण बसवले आहे.

कोल्हापुरात हॅलोविनचे काय काम?

हा प्रश्न कधी कुतूहलाने येतो, तर कधी टोमणा म्हणून. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांच्या दिवसाच्या (१ नोव्हेंबर) आदल्या संध्याकाळी असतो. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये त्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची रीत होती. तिकडची माणसे अमेरिकेत गेली, तेथे कोरायला सोपा आणि आकाराने मोठा भोपळा त्यांना मिळाला, आणि सलगम मागे पडले.

आता आपल्या गावाकडे पाहावे. अश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तेथे कोल्हासुराचे प्रतीक म्हणून कोहळा फोडला जातो. फुटलेल्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून तेथे उडणारी झुंबड ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला शरद ऋतूत राक्षसाचे तोंड आणि भोपळवर्गातील फळ यांची सांगड परकी वाटण्याचे कारण नाही. दुकानाच्या चौकटीला दृष्टीसाठी टांगलेला कोहळा तर वर्षभर आपल्या डोळ्यांसमोर असतोच. तेव्हा एखाद्या संध्याकाळी सोसायटीतील मुलांनी भुतांचे सोंग घेतले आणि शेवटी गोड खाल्ले, तर त्यात फार बिघडते असे मला वाटत नाही.

मेजवानी कोणत्या दिवशी ठेवावी?

पितृपक्षात ठेवू नये. घरातील वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही आणि त्यांचे म्हणणे रास्तही आहे. ३१ ऑक्टोबरचाच हट्टही धरू नये, कारण ही तारीख कधीकधी ऐन दिवाळीत येते. २०२४ मध्ये त्याच दिवशी नरक चतुर्दशी होती आणि पहाटे अभ्यंगस्नान उरकलेल्या मुलांना रात्री भुते खेळायला ना डोळ्यांत झोप आवरत होती, ना फराळाने भरलेल्या पोटात जागा होती. कोजागरी आणि वसुबारस यांच्या मधला, वद्य पक्षातला शनिवार मला सर्वांत सोयीचा वाटतो. रात्री काळोख्या असतात आणि फराळाचे काम अजून पूर्ण जोरात सुरू झालेले नसते.

भोपळा कोणता घ्यावा? कोहळा चालेल का?

कोहळा चालणार नाही. त्याचा गर पांढरा आणि पाणीदार असतो. तो पेठ्यासाठी उत्तम, पण कस्टर्डला त्याच्यामुळे ना रंग येतो, ना दाटपणा. आपल्याला लाल भोपळा, म्हणजे पुष्कळ जण ज्याला डांगर म्हणतात तो हवा. मंडईत तो फोडी करून विकतात, याचा फायदा घ्यावा. फोडीचा गर गडद केशरी असावा, बिया टपोऱ्या असाव्यात आणि नखाने दाबल्यास गरातून पाणी सुटू नये. फिकट पिवळ्या गराचा भोपळा स्वस्त मिळाला, तरी त्याचे कस्टर्ड आजारी दिसते.

सालीसकट कोरून त्यात दिवा लावायचा असेल, तर त्यासाठी वेगळा, अख्खा आणि लहान भोपळा घ्यावा. रात्रभर दिव्याची काजळी खाल्लेल्या भोपळ्याचा गर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकात वापरण्याची काटकसर करू नये.

बारा माणसांसाठी किती सामान लागते?

तीन लिटरचे, सरळ उभ्या कडांचे काचेचे भांडे धरून हे प्रमाण दिले आहे. जेलीसाठी पाच ग्रॅम चायना ग्रास, अर्धा लिटर पाणी, पाऊण वाटी साखर आणि दहा-बारा आमसुले. मातीसाठी तीनशे ग्रॅम साधा चॉकलेट केक, त्यावर क्रीमची सजावट नसलेला. कस्टर्डसाठी साल काढलेला अर्धा किलो लाल भोपळा, एक मोठा चमचा तूप, सव्वाशे ग्रॅम चिरलेला गूळ, अर्धा लिटर दूध, चार मोठे चमचे कस्टर्ड पावडर, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर जायफळ. वरच्या थरासाठी एक किलो दह्याचा चक्का, शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि दोनशे मिलिलिटर क्रीम.

दह्याबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्यांच्या या गावात म्हशीच्या दुधाचे घट्ट दही मिळणे अवघड नाही. ते रात्रभर पातळ पंचात बांधून टांगले की किलोमागे साधारण चारशे ग्रॅम चक्का निघतो. पुरचुंडी शक्यतो फ्रिजमध्येच, चाळणीवर ठेवून आणि वर वजन ठेवून निथळावी, कारण ऑक्टोबरच्या उकाड्यात बाहेर टांगलेले दही सकाळपर्यंत आंबते आणि मग पिठीसाखर कितीही घातली तरी ती पुरत नाही.

गूळ घातल्यावर कस्टर्ड फाटते. असे का होते?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात. गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात. गरम दुधात तो पडला की दुधातील प्रथिने एकत्र गोळा होतात आणि दूध नासते. गूळ जुना असेल, ओल धरून मऊ पडला असेल, तर त्याची आंबट बाजू आणखी वाढलेली असते आणि धोकाही वाढतो.

यावरचा उपाय साधा आहे : गूळ आणि दूध यांची गाठ गरम असताना पडूच द्यायची नाही. भोपळ्याच्या फोडी कुकरमध्ये, पण पाण्यात न बुडवता, वरच्या भांड्यात वाफवाव्यात. गर पुरणयंत्रातून काढावा, म्हणजे एकही दोरा राहत नाही. मिक्सरने तो चिकट होतो, असा माझा अनुभव आहे. मग जाड बुडाच्या कढईत तुपावर हा गर परतावा, गूळ घालावा आणि ढवळत राहावे. गूळ विरघळला की मिश्रण एकदम सैल होते आणि नवशिक्याला वाटते की आपले काहीतरी चुकले. चुकलेले काही नसते. मंद आचेवर आणखी दहा-बारा मिनिटे धीर धरावा. बुडबुड्यांचा आवाज आधी भरभर येतो, मग संथ, जड असा येऊ लागतो. उलथन्याने कढईच्या तळावर रेघ ओढली असता ती क्षणभर तशीच उघडी राहिली, की गर झाला. तो पूर्ण थंड करावा. कस्टर्ड वेगळे शिजवावे, तेही थंड करावे आणि मगच दोन्ही एकत्र फेटावे.

गूळ कोणता, असेही विचारले जाते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो, पण एकाच पेठेत पिवळा गूळही असतो आणि गडद तपकिरीही. चवीला मला गडद गूळ आवडतो. या पुडिंगात मात्र तो नारिंगी रंग मळवतो, म्हणून येथे पिवळसर गूळच घ्यावा. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यानंतर नवा गूळ घरोघरी येऊ लागतो. मेजवानी त्याआधी असेल, तर घरातील जुन्या ढेपेचा मऊ पडलेला भाग बाजूला काढून आतला कोरडा, कडक गूळ वापरावा.

कस्टर्डमध्ये गुठळ्या होतात किंवा वर साय धरते, ती कशी टाळावी?

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचे पीठ, रंग आणि स्वाद. हे पीठ गरम दुधात थेट टाकले की प्रत्येक कणाभोवती शिजलेल्या पिठाचे कवच होते आणि आत कोरडे पीठ अडकते, तीच गुठळी. म्हणून पावडर अर्धी वाटी थंड दुधात आधी कालवावी, उरलेले दूध साखर घालून उकळावे आणि कालवलेले मिश्रण बारीक धारेने सोडत सतत ढवळावे. दाट झाल्यावर लगेच उतरवू नये. एक-दोन मिनिटे खदखदू द्यावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते आणि फ्रिजमध्ये ते पुन्हा सैल पडते. साय धरू नये म्हणून कस्टर्डच्या पृष्ठभागालाच चिकटेल असा प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून ते थंड करावे.

जिलेटिन वापरावे की चायना ग्रास?

चायना ग्रास वापरावे. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात, त्यामुळे शाकाहारी घरांत ते चालत नाही आणि बारा पाहुण्यांपैकी कोणाचे काय असेल, हे प्रत्येक वेळी विचारता येत नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होते. दुसरे कारण हवामानाचे आहे. जिलेटिनची जेली अंगाच्या उष्णतेइतक्या तापमानालाच विरघळते, त्यामुळे ऑक्टोबरात टेबलावर ठेवलेले भांडे बघता बघता पाघळू लागते. चायना ग्रास सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसला घट्ट होते आणि ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही, म्हणजे ते फ्रिजशिवायही आपला आकार धरून राहते.

मात्र त्याचे एक खोडकर वैशिष्ट्य आहे. आंबट रसात ते उकळले तर त्याची पकड सुटते. त्यामुळे आमसुले एक वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून, गाळून वेगळी ठेवावीत. उरलेल्या पाण्यात चायना ग्रासचे तुकडे वीस मिनिटे भिजवावेत, मग एकही तंतू दिसेनासा होईपर्यंत उकळावेत, साखर विरघळवावी, आच बंद करावी आणि त्यानंतरच कोकमाचा रस मिसळावा. आमसुलांना मीठ लावलेले असते, म्हणून ती आधी एकदा पाण्यातून काढावीत. घाट चढून आलेल्या कोकमाचा तो गडद लाल रंग बाटलीतील कोणत्याही रंगापेक्षा अधिक खरा, आणि म्हणून अधिक भीतिदायक दिसतो.

थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काय करावे?

खालचा थर पूर्ण थंड आणि घट्ट झाल्याशिवाय वरचा घालू नये, हे झालेच. पण थरांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा लागतो. मी पहिल्यांदा हे पुडिंग केले, तेव्हा जेली वर असावी, अशी हौस होती. थंड कस्टर्डवर मी ती कोमट म्हणून ओतली. ती कोमट नव्हती. तिने कस्टर्डला मधोमध भोक पाडले, आणि कोकमाच्या आंबटपणाने भोकाच्या कडेचे दूध पाणी-चोथ्यासारखे झाले. पाहुण्यांनी ते मुद्दाम केलेले भुताचे तोंड समजून कौतुक केले, ही गोष्ट वेगळी.

तेव्हापासून जेली तळाशीच असते. रिकाम्या भांड्यात ती ओतताना भांड्याच्या एका बाजूखाली घडी घातलेला नॅपकिन ठेवावा, म्हणजे जेली तिरकी बसते आणि रक्त एका बाजूला साचल्यासारखे दिसते. चायना ग्रासच्या जेलीला काही वेळाने थोडे पाणी सुटते. वरचा केकचा चुरा ते शोषून घेतो, म्हणून चुऱ्याचा थर तिच्यालगतच हवा. चुरा फार दाबू नये, पण काचेच्या कडेने बोटाने चेपून घ्यावा, कारण कस्टर्ड झिरपते ते नेहमी कडेनेच. कस्टर्ड पळीच्या पाठीवरून हळू सोडावे. दुसरा चुरा हातानेच भुरभुरावा. शेवटचे क्रीम आधी कडेने, मग मध्ये, असे घालावे.

क्रीम फेटले तरी घट्ट होत नाही. का?

लहान डब्यांत मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. हवा धरून उभे राहण्यासाठी तो निदान ३० ते ३५ टक्के लागतो. त्यामुळे साधे क्रीम तासभर फेटले तरी ते उभे राहणार नाही, हात मात्र दुखतील. येथे चक्का कामी येतो. क्रीम फुगले नाही तरी चक्क्याचा घट्टपणा थराला आधार देतो. चक्का पिठीसाखरेबरोबर चाळणीवर घासून घ्यावा आणि थंड क्रीम त्यात चमच्याचमच्याने मिसळावे. सैल वाटू लागले की थांबावे, सगळे क्रीम संपवण्याचा नेम करू नये.

वरची भुताटकी कशी करावी? अंडे न वापरता जमेल का?

जमते, आणि मराठी भुतांची यादी लांब असताना परदेशी भुतांवर विसंबण्याचीही गरज नाही. पांढऱ्या थरावर वितळलेल्या चॉकलेटची एकात एक चार वर्तुळे काढावीत आणि लगेच, चॉकलेट थिजण्याआधी, टूथपिकने मधून बाहेर रेघा ओढाव्यात. कोळ्याचे जाळे तयार होते. प्रत्येक रेघेनंतर टूथपिक पुसले नाही, तर जाळ्याऐवजी नुसता चिखल होतो.

भुते पेढ्याच्या खव्याची करावीत. लिंबाएवढ्या गोळीला वरून निमुळते, खालून पदर पसरल्यासारखे रूप द्यावे आणि डोळ्यांना दोन काळे तीळ लावावेत. लवंग लावू नये. अंधारात ती कोणाच्या तरी दाताखाली येतेच. मुंजा हवा असेल, तर पिंपळपानाच्या आकाराचे बिस्किट भाजून त्याच्या टोकाशी एक भूत बसवावे.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती हडळीची वाट. हडळीची पावले उलटी असतात, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. कागदावर छोटे पाऊल कापून, तो कागद क्रीमवर अलगद धरून वरून कोको चाळावा, आणि पावले भांड्याच्या मध्यापासून काठाकडे जाणारी, पण टाचा पुढे असलेली उमटवावीत. एका आजींनी ती पाहून आधी हात जोडले आणि मग हसत दुसरी वाटी मागितली. लक्ष्मीची पावले दारातून आत काढण्याचे दिवस जवळ आलेले असतात, म्हणून ही उलटी पावले भांड्यातच ठेवावीत, जमिनीवर रांगोळीने काढू नयेत. तेवढा विवेक असावा.

काळा रंग घालावा का?

घालू नये. जीभ आणि दात काळे होतात, फोटो छान येतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांची चौकशी होते. कोको पुरेसा आहे.

भोपळ्याऐवजी सीताफळ चालेल का?

चालेल, आणि ऑक्टोबरात ते भरपूरही असते. फक्त सीताफळाचा गर शिजवू नये, तो कडवट होतो. तयार, थंड कस्टर्डमध्ये मिसळावा आणि गूळ वगळून साखर वापरावी. रंग नारिंगी येणार नाही, हे मान्य करावे लागते. सीताफळाच्या काळ्या चकचकीत बिया किड्यांसारख्या दिसतात, म्हणून त्या सजावटीला वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा : बिया चावल्या गेल्यास विषारी असतात.

लहान मुलांच्या बाबतीत काय काळजी घ्यावी?

डोळे म्हणून अख्खी द्राक्षे किंवा गोल गोळ्या वापरू नयेत, घशात अडकतात. टूथपिक सजावटीतून काढल्याची खात्री करावी, आणि अंधारात वाढण्याची कल्पना कितीही आकर्षक वाटली तरी वाढताना दिवा लावावा.

किती आधी करून ठेवता येते? बाहेर किती वेळ टिकते?

दही दोन रात्री आधी बांधावे. आदल्या दिवशी जेली, चुरा आणि कस्टर्डपर्यंतचे थर लावून भांडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. क्रीमचा थर मेजवानीच्या दिवशी सकाळी आणि पावले, जाळे, भुते शेवटच्या तासात. कोको आदल्या रात्री चाळला, तर तो ओल धरतो आणि हडळ चालत गेली की घसरत गेली, हे कळेनासे होते. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. मक्याच्या पिठाचे कस्टर्ड गोठून वितळले की त्याला पाणी सुटते. फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि उकाडा फार असेल, तर एका तासातच परत आत न्यावे.

भांडे दुसऱ्याच्या घरी कसे न्यावे?

दुचाकीवर नेऊ नये. मी राजारामपुरीतून रंकाळ्यापर्यंत, दोन्ही पायांमध्ये भांडे धरून ते एकदा नेले आहे. वाटेत गतिरोधक किती आहेत, याची मोजदाद मला त्या दिवशी झाली, आणि पोहोचेपर्यंत धुके मातीखाली गेले होते. नेणे भागच असेल, तर जेली ते कस्टर्ड एवढेच थर भांड्यात लावावेत, क्रीम वेगळ्या डब्यात बर्फाच्या पिशवीसह न्यावे आणि तेथे पोहोचल्यावर लावावे. नाहीतर काचेचे छोटे ग्लास घ्यावेत. त्यांत प्रत्येकाला पाचही थर मिळतात आणि ‘मला जेली आलीच नाही’ ही तक्रार राहत नाही.

उरल्यास काय करावे?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावे. तोवर थर एकमेकांत मुरलेले असतात, उलट्या पावलांचा मागमूस राहत नाही, आणि खरे सांगायचे तर चवीला ते आदल्या रात्रीपेक्षा चांगले लागते.